‘मी ग्रूट’ ते ‘आपुन ग्रूट’: येळवशीला कोपीत सांगितलेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’

मांजराकाठ

ज्यांनी हा सिनेमा अजून पाहिला नसेल त्यांनी इथंच थांबावं. पुढं सगळी गोष्ट शेवटासकट सांगणार आहे.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आम्ही सगळे शेतात होतो. पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि बाजरीचे उंडे झाले, आंबिलीचा बिंदगा निम्मा रिकामा झाला. एवढं पोटात गेल्यावर माणूस उठत नाही. कडब्याच्या कोपीत पोरं माझ्याभोवती गोळा झाली, दोन भाचे आणि आमच्या सालगड्याची लेक. गोष्ट सांगा म्हणाली. मी म्हणलं, सिनेमा सांगतो.

आमच्या गावात सिनेमा सांगायची जुनी रीत आहे. माझे चुलते लातूरला जाऊन सिनेमा बघायचे, शेवटच्या एसटीनं परत यायचे, आणि दुसऱ्या रात्री पारावर अख्खा सिनेमा सांगायचे. मारामारीचे आवाज तोंडानं, गाणी म्हणून दाखवत. तीन तासांचा सिनेमा पारावर चार तास चालायचा. मी मोठा झाल्यावर त्यातले बरेच सिनेमे पाहिले, पण चुलत्यांनी सांगितलेलेच जास्त लक्षात आहेत.

तर ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’. मी तो ऑगस्ट २०१४ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला होस्टेलच्या मित्रांबरोबर पाहिला. श्रावण चालू होता, पावसानं ओढ दिली होती, घरून रोज सोयाबीन माना टाकतंय असा फोन यायचा. मन कशात लागत नव्हतं. त्या दोन तासांत मी जेवढा हसलो तेवढा त्या वर्षात परत हसलो नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांत डोळे भरले होते ते वेगळंच.

पोरांना सांगायला सुरुवात केली. अमेरिकेत मिसूरी नावाचं राज्य, साल १९८८. दवाखान्यात खोलीच्या बाहेर एक पोरगं बसलंय, कानात वॉकमनचा हेडफोन. आत त्याची आई शेवटच्या घटका मोजतेय. तिनं त्याच्यासाठी तिच्या आवडीची गाणी एका कॅसेटमध्ये भरून दिलीत. आई म्हणते, बाळा, माझा हात धर. पोरगं घाबरतं, तोंड फिरवतं. तेवढ्यात आई जाते. पोरगं रडत बाहेर पळतं आणि आभाळातून एक यान येऊन त्याला उचलून नेतं.

इथपर्यंत आज्जी मागं कडब्याला टेकून डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. ती म्हणाली, “हात धराया पायजे होता लेकरानं.”

मग पुढची गोष्ट. पोरगं अंतराळातल्या लुटारूंमध्ये वाढतं. सव्वीस वर्षांनी तेच पोरगं, पीटर क्विल, एका ओसाड ग्रहावर आईची कॅसेट लावून नाचत नाचत चोरी करायला जातं. उंदरासारखा एक प्राणी उचलून त्याचा माईक करतं. भाच्यांनी ते मला तीनदा करून दाखवायला लावलं.

मग एकेक पात्र. गामोरा, हिरव्या रंगाची लढवय्यी, जिच्या आईबापांना मारणाऱ्यानंच तिला लेक म्हणून वाढवलं. रॉकेट, म्हणजे रकून. आपल्याकडं रकून नसतो, म्हणून मी उदमांजर म्हणलं आणि ते चाललं. ग्रूट, चालतं बोलतं झाड, ज्याला तीनच शब्द येतात, ‘मी ग्रूट हाय’. आणि ड्रॅक्स, ज्याच्या बायकोला आणि लेकीला दुष्मनानं मारलंय.

ड्रॅक्स सांगताना मला सगळ्यात जास्त मजा आली. त्याच्या जमातीत म्हण, उपमा असला प्रकारच नाही. जे बोललं तेच खरं मानायचं. रॉकेट म्हणतो, ह्याच्या सगळं डोक्यावरून जातं. ड्रॅक्स म्हणतो, माझ्या डोक्यावरून काहीच जात नाही, माझा हात चपळ आहे, मी झेलीन. हा विनोद मराठीत आणायला काहीच करावं लागलं नाही. आपल्याकडं ‘डोक्यावरून गेलं’ आधीपासूनच आहे. पोरांना एवढी गोडी लागली की आता ड्रॅक्सला म्हणी घालायचा खेळ सुरू झालाय. नाकापेक्षा मोती जड? ‘मग मानेला त्रास होत असेल, मोती काढून ठेवा.’ उंटावरून शेळ्या हाकणं? ‘उंट उंच असतो, शेळ्या लांबपर्यंत दिसतात, चांगली सोय आहे.’

पण मी धागा ज्यासाठी काढला ते आता. शेवटी सगळे त्या दुष्मनाच्या यानात असतात, यान कोसळत असतं. ग्रूट आपल्या फांद्या वाढवून सगळ्यांभोवती घरटं विणतो. रॉकेट रडतो, म्हणतो, असं करू नको, तू मरशील. आणि ग्रूट पहिल्यांदाच वेगळं बोलतो. इंग्रजीत ते ‘वुई आर ग्रूट’ असं आहे.

मी बोलून गेलो, “आम्ही ग्रूट.”

कोपीत शांतता. माझं मलाच काहीतरी खटकलं. आज्जीनं डोळे उघडले. “आम्ही म्हणल्यावर तुजं उदमांजर भाइर ऱ्हायलं की रं. आपुन म्हण.”

दहा वर्षं मी हा सिनेमा पाहतोय. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक इंग्रजी ‘वुई’मध्ये दिसतच नाही. हिंदीतही ‘हम’वर भागतं. मराठीत मात्र निवडावंच लागतं, आणि निवडलं की कळतं झाड काय बोललं ते. समोरच्याला धरून म्हणलं तर आपण, वगळून म्हणलं तर आम्ही. तुम्हाला काय वाटतं? आणखी कुणी हा सिनेमा आपल्या बोलीत सांगून पाहिलाय का?

देगलूर_नाका

आज्जींना साष्टांग नमस्कार.

आमच्या भागात घरी मराठी आणि बाजारात तेलुगू. तेलुगूतही हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘मनमु’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, ‘मेमु’ म्हणजे ऐकणारा सोडून आम्ही. भाषेचे अभ्यासक म्हणतात, मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळं आला असावा. म्हणजे आज्जींनी जो शब्द दिला तो गोदावरीच्या दोन्ही काठांनी मिळून घडवलेला आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

लहानपणी दुकानावर बसायचो तेव्हा गिऱ्हाईक ‘मनमु’ म्हणालं की भाव सुटायचा, ‘मेमु’ म्हणालं की घासाघीस लांबायची. तोच फरक इथं जीव देणं आणि निरोप घेणं यांत आहे. ‘आम्ही ग्रूट’ म्हणलं असतं तर तो झाडांच्या वतीनं निरोप झाला असता.

जुना_इंद्रजाल

सुंदर धागा. कॉमिक्सच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण हा सिनेमा पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की ही टोळी कुठून कुठून गोळा झालीय.

आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्सची. १९६४ साली सुरू झालेली, १९९० मध्ये बंद पडली. वेताळ, मँड्रेक, आणि अंतराळात फिरायला फ्लॅश गॉर्डन. बसस्थानकावरच्या स्टॉलवर एक अंक घ्यायचा आणि गल्लीतल्या सात घरांत तो फिरायचा. मार्वल, म्हणजे ही पात्रं काढणारी अमेरिकेतली कॉमिक्स कंपनी, मला फार उशिरा, पुण्यात नोकरीला लागल्यावर मिळालं.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ हे नाव १९६९ चं आहे. ‘मार्वल सुपर हीरोज’च्या अठराव्या अंकात आर्नल्ड ड्रेक आणि जीन कोलन यांनी ती टोळी आणली. ती एकतिसाव्या शतकातली होती आणि त्यात आपल्या ह्या पाचांपैकी एकही नव्हता. सिनेमातली टोळी २००८ ची, डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी जमवलेली. त्यांनी मार्वलच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली पात्रं उचलली. ड्रॅक्स १९७३ चा, गामोरा १९७५ ची, दोन्ही जिम स्टार्लिनची. स्टार लॉर्ड, म्हणजे आपला पीटर क्विल, १९७६ चा.

ग्रूट तर ह्या सगळ्यांहून जुना. नोव्हेंबर १९६० च्या ‘टेल्स टू ॲस्टॉनिश’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा खलनायक होता! प्लॅनेट एक्सचा राजा, पृथ्वीवरचं अख्खं गाव उचलून न्यायला आलेला. आणि तेव्हा तो तीन शब्दांत बोलत नव्हता, लांबलचक फुशारक्या मारायचा. त्याला हरवलं कशानं माहीत आहे का? वाळवीनं. एका शास्त्रज्ञानं वाळवी वाढवून त्याच्यावर सोडली. चित्रं जॅक कर्बींची. आपल्या शेतकऱ्याला हे सांगितलं की लगेच पटतं, झाडाच्या राजाला दुसरं कोण हरवणार.

रॉकेटबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायचंय. तो १९७६ मध्ये बिल मँटलो आणि कीथ गिफन यांनी आणला, नाव बीटल्सच्या एका गाण्यावरून सुचलेलं. मँटलोंनी मार्वलसाठी ढीगभर लिहिलं, पुढं वकिलीही केली. १९९२ मध्ये चाकांचे बूट घालून रस्त्यावरून जाताना त्यांना गाडीनं उडवलं, आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर बरीच वर्षं ते शुश्रूषागृहात होते. २०१४ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्यांच्यासाठी तिथं खास खेळ ठेवला गेला. त्यांच्या भावानं नंतर लिहिलं की ते फार आनंदले होते. पडद्यावर सगळे रॉकेटला पाहून हसतात तेव्हा मला तो खाटेवरचा माणूस आठवतो. लेखकाचं नाव आपण ठेवलं पाहिजे. चित्रकाराचंही.

शेवगा_पांगारा

शेतीशास्त्राचा पदवीधर, परभणी. माझी भर झाडापुरती.

ग्रूट मरतो आणि त्याची एक काडी रॉकेट उचलतो, कुंडीत लावतो, आणि शेवटी ती काडी नाचायला लागते. शहरातले मित्र म्हणाले, हे काय, जादूच केली. मला त्यात जादू दिसली नाही. आपल्याकडं कुंपणाला काय लावतात? पांगाऱ्याची फांदी, मोगली एरंडाची फांदी. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली की फुटते. वडाची फुटते. फांदी लावून आलेलं झाड आणि मूळ झाड यांचा वंश शंभर टक्के एकच, बियाण्यासारखी सरमिसळ नाही. म्हणून कुंडीतला ग्रूट तोच की दुसरा, हा वाद मी नेटवर लोकांना घालताना पाहिलाय. दिग्दर्शक जेम्स गन यांनी नंतर सांगून टाकलं की जुना ग्रूट गेला, हा त्याचा मुलगा. मला ते पटत नाही आणि मी ह्यावर ठाम आहे. माझ्या आजोबांनी लावलेल्या शेवग्याची फांदी माझ्या दारात आहे. घरात सगळे तिला आजोबांचा शेवगाच म्हणतात.

एक आणखी. त्या शेवटच्या प्रसंगाच्या थोडं आधी, अंधाऱ्या यानात ग्रूट हातातून उजेडाचे कण सोडतो. मृगाच्या आधी आमच्या बाजूला लिंबाच्या झाडावर काजवे बसायचे, अगदी तसं. 

मांजराकाठ

@शेवगा_पांगारा, काजवे! पोरांना सांगताना मी हाच शब्द वापरला, पण धाकट्या भाच्यानं काजवा कधी पाहिलेलाच नाही. त्याला समजावून सांगायला माझ्याकडं शब्द कमी पडले.

@जुना_इंद्रजाल, वाळवीची गोष्ट आज्जीला सांगितली. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो: “राजा म्हून आला व्हता तवा वाळवीनं खाल्लं. गडी म्हून आला तवा समदे रडले.”

औंढ्याची_लेक

मी शाळेत विज्ञान शिकवते, हिंगोली जिल्ह्यात. मुलं मला ह्या सिनेमावरून प्रश्न विचारतात आणि मी तो वर्गात आनंदानं वापरते.

गामोरा यान फुटून अंतराळात तरंगते, पीटर स्वतःचा मुखवटा काढून तिला देतो. मुलं विचारतात, बाई, माणूस लगेच गोठतो का? नाही. पोकळीत हवाच नसते, त्यामुळं अंगातली उष्णता वाहून न्यायला काही नसतं, लगेच बर्फ होत नाही. खरा धोका प्राणवायूचा. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात खोलीत चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. १४ सेकंदांच्या आसपास त्याची शुद्ध हरपली. शेवटचं त्याला आठवत होतं ते म्हणजे जिभेवरची लाळ उकळतेय असं वाटलं. हवा परत भरल्यावर तो वाचला. दाब कमी झाला की पाणी थंड असतानाच उकळतं, हे मुलं त्या दिवसापासून विसरलेली नाहीत. सिनेमात दोघं जितका वेळ बाहेर राहतात तेवढं शक्य नाही, आणि स्फोटांचे आवाजही ऐकू येणार नाहीत. हे सांगूनही मुलांचं प्रेम तसूभर कमी होत नाही, माझंही नाही.

आणि औंढा नागनाथचं नाव घेते, कारण ते घेतल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडं लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतून लेसर. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर त्यातून मोजायची. अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांनी ती पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली. नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या एसटीतून माझ्या वर्गातली मुलगी त्या बाजूला बोट दाखवून म्हणते, तिथं आभाळाचं ऐकायचं यंत्र बसणार. ह्या मुलीला अंतराळाचा सिनेमा परका का वाटावा?

दुधनेचा_दगड

मला सिनेमा आवडतो, पण इथं कुणीच त्याच्या उणिवा मांडलेल्या नाहीत म्हणून लिहितो.

रोनन, म्हणजे सिनेमातला तो दुष्मन. एवढा मोठा हातोडा, एवढा काळा रंग फासलेला चेहरा, आणि माणूस म्हणून आत काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. ली पेस ताकदीचा नट, पण त्याला गरजण्यापलीकडं काही दिलेलं नाही. आपल्या दशावतारातला राक्षससुद्धा दोन क्षण मनातलं बोलतो. दुसरं, गामोरा आणि नेब्युला. दोन बहिणी, एकाच जुलमी बापानं एकमेकींशी लढवून वाढवलेल्या. ह्या नात्यात अख्खा सिनेमा दडलाय आणि पहिल्या भागात त्याला मोजून काही मिनिटं मिळतात. २०१७ च्या दुसऱ्या भागात ते थोडं भरून निघालं. मला दोन्ही बहिणींसाठी वाईट वाटतं आणि लेखकांवर त्याबद्दल माझा राग आहे.

तिसरं, ड्रॅक्स. इथं सगळे त्याच्या विनोदांवर बोलताय. तो माणूस बायको आणि पोर गमावून बसलाय. मध्येच तो दारू पिऊन एकट्यानं दुष्मनाला बोलावून घेतो आणि सगळ्यांना संकटात टाकतो. तेव्हा रॉकेट त्याला खडसावतो, माणसं सगळ्यांचीच मेलीत, म्हणून दुसऱ्यांना मारायला निघायचं का. मला सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य ते वाटतं. आपल्या भागात ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्या घरांत मी हे पाहिलंय. दुःख मोठं असतं, पण आजूबाजूलाही तेवढंच असतं.

मांजराकाठ

@दुधनेचा_दगड, रोननबद्दल तुमचं मान्य. मी पोरांना सांगताना तो भाग आपोआप आखूड झाला, सांगण्यासारखं काही हाताला लागेना. ड्रॅक्सबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. शेवटी रॉकेट ग्रूटच्या काड्या हातात घेऊन रडतो, तेव्हा ड्रॅक्सच त्याच्या शेजारी बसतो आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो. आधी रॉकेट अंग चोरतो, मग तसाच राहू देतो. ते दोघांनाच कळतं.

कॅसेट_भरून_मिळेल

माझं नाव हेच माझ्या दुकानाच्या पाटीवर होतं. बीडला, १९८९ पासून सीडी येईपर्यंत.

ह्या सिनेमातलं मला कळतं ते एवढंच, पण ते पुरेपूर कळतं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचे. साठची किंवा नव्वदची. साठची म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं, एका बाजूला सहा-सात गाणी. मी यादी वाचूनच ओळखायचो, ही लग्नाची, ही परगावी शिकायला चाललेल्या मित्रासाठी, ही कुणाला तरी न सांगता द्यायची. गाण्याचा क्रम महत्त्वाचा. कुठलं कशाच्या पाठोपाठ आलं तर जीव हलेल, हे गिऱ्हाइकानं ठरवून आणलेलं असायचं आणि मी ते कधी बदललं नाही. भरून झालं की कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडून द्यायचो, म्हणजे चुकून वर दुसरं भरलं जात नाही.

पीटरचा वॉकमन म्हणजे सोनीचा पहिला, टीपीएस-एल२, जुलै १९७९ मध्ये जपानात विकायला आला. निळा-चंदेरी. त्याला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, दोघांनी एकत्र ऐकावं म्हणून. सिनेमात पीटर आपले हेडफोन काढून गामोराच्या कानावर ठेवतो तो प्रसंग आठवा. तुरुंगातून पळताना तो वॉकमनसाठी जीव धोक्यात घालून मागं फिरतो. माझ्या बायकोला ते खोटं वाटलं. मला नाही वाटलं. त्या कॅसेटची दुसरी प्रत जगात नव्हती.

अशी गोष्ट सांगतो जी फार लोकांना माहीत नाही. सिनेमातल्या गाण्यांचा संच अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात एकही नवं गाणं नव्हतं, सगळी साठ-सत्तरच्या दशकातली जुनी. असं त्याआधी कुठल्याच सिनेमाच्या संचाच्या बाबतीत झालं नव्हतं. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो संच खरोखरच्या कॅसेटवर काढला. मी तोवर दुकान बंद करून आठ-नऊ वर्षं झाली होती. ती बातमी वाचून मी माळ्यावरचं यंत्र खाली काढलं, बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं. चालतंय.

सिंदफणा

@कॅसेट_भरून_मिळेल, तुमच्या प्रतिसादानं मला लिहायला भाग पाडलं.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. माहेरच्या, भावाच्या, सीतेच्या, बाबासाहेबांच्या. १९९४ च्या सुमाराला मामानं टेपवर तिच्या अर्ध्या तासाच्या ओव्या घेतल्या. आम्ही कान मोडले नाहीत, आम्हाला माहीतच नव्हतं. पुढं घरातल्याच कुणीतरी त्यावर सिनेमाची गाणी भरली. आई २००३ मध्ये गेली. कॅसेट आहे. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी चार सेकंद जात्याची घरघर आणि तिचा श्वास ऐकू येतो. एवढंच.

मी हा सिनेमा मुलाच्या हट्टानं पाहिला. सव्वीस वर्षं त्या पोरानं आईनं दिलेलं दुसरं पुडकं उघडलेलं नसतं. शेवटी उघडतो, आत पत्र आणि दुसरी कॅसेट. मुलगा हसत होता कारण पुढं ते झाड नाचतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या काही माजलगावच्या बायकांनी म्हटलेल्याही आहेत, त्या आता नेटवर ऐकता येतात. मी त्या ऐकते. आवाज आईचा नाही, पण चाल तीच आहे. ज्यांच्या घरी म्हणणारं माणूस अजून आहे त्यांनी आजच घ्या हो. मांजराकाठ, तुमच्या आज्जी ओव्या म्हणतात का?

मांजराकाठ

@सिंदफणाताई, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. चार सेकंदांपाशी माझ्या आईनं मला थांबवलं.

आज्जी म्हणते. आता जातं कुणी दळत नाही म्हणून तोंडात येत नाही, एवढंच. काल तिला म्हणलं, फोनवर घेतो, म्हण. दोन ओव्यांवर अडली. म्हणाली, “नुसतं बसून कुठं येतंय, जात्यावर बसलं की ओवी सुचती.” मग आम्ही पडवीतलं जातं बाहेर काढलं, धुतलं, नवा खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घातली. तिचे हात पुरत नाहीत म्हणून समोरून सालगड्याच्या लेकीनं खुंटा धरला. अकरा ओव्या झाल्या. मध्ये एक तिनं तिथंच रचली, तीत झाड होतं.

हा भाग आधी लिहायला विसरलो. येळवशीला मी शेवट सांगितला होता, की ज्यासाठी सगळी मारामारी चाललेली असते ते जांभळं रत्न पीटरच्या हातात असतं, त्याचं अंग फुटायला लागतं, आणि गामोरा ओरडते, हात धर. त्याला तिच्या जागी आई दिसते. ह्या वेळी तो हात धरतो. मग ड्रॅक्स धरतो, रॉकेट धरतो, आणि एकाला न पेलणारी ताकद चौघांत वाटली जाते. आज्जीनं तेव्हा फक्त “हां” म्हणलं होतं. काल जात्यावर बसताना तिनं त्या पोरीला म्हणलं, “धर.”

आता अडचण. रेकॉर्डिंगमध्ये घरघर जास्त आणि आवाज कमी आलाय. @कॅसेट_भरून_मिळेल, काय करू?

कॅसेट_भरून_मिळेल

फोन जमिनीवर ठेवला असणार. जमीन सगळी घरघर वर देते. वाकळ चौपदरी घडी करून स्टुलावर ठेवा, त्यावर फोन, आज्जींच्या तोंडाच्या उंचीला, दीड हातावर, जात्याच्या बाजूला नाही, त्यांच्या उजव्या खांद्याकडून. जात्याखालीही पोतं घाला. दाणे थोडे जास्त टाका, रिकामं जातं दगडावर दगड घासतं आणि त्याचा आवाज चिरका येतो. पंखा बंद. घरघर पूर्ण काढू नका, ती हवी.

आणि पहाटे घ्या. त्या वेळचा आवाज वेगळा लागतो.